शनिवारी चूल न पेटवणारे काका

त्या वर्षी मी शनिवार पाळणं सोडलं होतं. हे लिहिताना आजही हात अडखळतो, पण इथून सुरुवात केली नाही तर पुढचं सांगण्यात अर्थ उरत नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचं गाव अलिबागेजवळ, समुद्रकाठी. तिथे आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण घाणा इतर तेल्यांसारखाच चालायचा, पण शनिवारी आमचा बैल सुटा असायचा. गावात आमची ओळख एवढ्या एका दिवसावर होती. मी घाणा सोडून सुतारकाम शिकलो, काही वर्षं मुंबईत गोदीत काम केलं. मग अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि सगळ्यांच्या तोंडी एकाएकी वऱ्हाडचं नाव आलं. मीही आई, बायको आणि लहानगी मुलगी यांना घेऊन अमरावतीला आलो. कापूस दाबून गठाणी बांधायचे लाकडी प्रेस उभारायचे, मोडले की दुरुस्त करायचे, हे माझं काम.

ते दिवस कसे होते, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगणं कठीण. पहाटेपासून गाड्यांची रीघ लागायची. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लटकलेला, माणसांच्या केसांत कापूस, ताकाच्या भांड्यातसुद्धा कापूस. परवा ज्याच्या अंगात धड बंडी नव्हती तो शेतकरी आज बैलांच्या शिंगांना पितळी टोपणं बसवून बाजारात यायचा. सगळं शहर घाईत होतं आणि त्या घाईची मलाही झिंग चढली होती. प्रेसच्या शेठनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, शनिवार-बिनिवार हंगामात चालायचा नाही. मी मान डोलावली. आईला सांगितलं, मी शनिवारी नदीवर जाऊन बसतो, तिथे शांत वाटतं. तिने एकदाही विचारलं नाही की नदीवरून येणाऱ्या माणसाच्या डोक्यात लाकडाचा भुसा कसा.

अशाच एका शनिवारी दुपारी मी प्रेसच्या खांबाला पाचर ठोकत होतो. शेजारच्या घरचा गडी धावत आला आणि मुलगा झाल्याचं सांगून गेला. हातातला हातोडा तसाच राहिला. कोकणात असताना आमचा पहिला मुलगा पाचव्या दिवशी गेला होता. आठवा दिवस त्याने पाहिलाच नाही, त्यामुळे त्याची सुंता झाली नाही की नाव ठेवलं गेलं नाही. बायको त्यानंतर वर्षभर कोणाशी धड बोलली नव्हती. घरी गेलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, बाळ कुशीत. मला म्हणाली, "याला आठव्या दिवशी नाव मिळालंच पाहिजे. मला दुसरं काही नको." आईने माझ्या डोक्यावरचा भुसा झटकला आणि म्हणाली, "शनिवारी झाला, म्हणजे आठवा दिवसही शनिवारीच. ज्याला बोलवायचं तो शुक्रवारी दिवे लागायच्या आत घरात हवा. सुंता शनिवारी चालते, पण दिवे लागून शब्बाथ सुरू झाल्यावर वाट चालायची नाही."

सगळ्या वऱ्हाडात सुंता करणारा आमचा माणूस मला ठाऊक नव्हता. रेल्वे शेगावपर्यंत आली होती, पुढे रूळ टाकणं चालू होतं. मी हिशेब केला तो असा: रविवार गाडी ठरवण्यात जाणार, सोमवारी पहाटे दमणीने, म्हणजे हलक्या बैलगाडीने निघून मंगळवारी सकाळी अकोला गाठायचं, तिथून मुंबईला तार करायची, तिकडून आमचे विधी करणारा काजी त्याच दिवशी गाडीत बसला आणि शेगावपासून बैल बदलत आला तर शुक्रवारी संध्याकाळी कसाबसा पोचेल. कुठेही एक प्रहर वाया गेला की संपलं. निघताना आई म्हणाली, "एलियाहू हन्नाबीचं नाव घे आणि जा." हन्नाबी हे आमचे जुने प्रेषित, आमच्यात अडचणीला त्यांनाच हाक मारतात. मी नाव घेतलं नाही. ज्याने सहा महिने शनिवारी पाचरा ठोकल्या त्याने कोणत्या तोंडाने हाक मारायची, असं मनात आलं. हवालदिल होतो आणि हट्टीही होतो. वाटत होतं, बैल चांगले आहेत, रस्ता माहीत आहे, आपणच जमवू.

सोमवारचा दिवस गाड्यांच्या गर्दीतून वाट काढण्यातच गेला. मूर्तिजापुराजवळ मुक्काम केला तेव्हाच हिशेब ढासळू लागला होता. मंगळवारी उजाडताच निघालो. थोडं पुढे एका नाल्यात भाजीची गाडी कलंडलेली दिसली. वांगी, भोपळे पाण्याकाठी पसरलेले, आस मधोमध मोडलेला. एक माळी आणि त्याची बायको चाकापाशी बसले होते. बाजूने दमणी निघेल एवढी जागा होती आणि आमच्या गाडीवानाने ती काढलीही. त्या बाईची नजर माझ्या पायाशी ठेवलेल्या हत्यारांच्या पिशवीकडे गेली. ती एवढंच म्हणाली, "दादा, तुमी सुतार हाय ना?"

गाडी वीस-पंचवीस पावलं पुढे गेली असेल. मी गाडीवानाला थांब म्हणालो. तो वैतागला. "मालक, असे थांबत बसले तं अकोला पोचून राहिलो आपण," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. मी का थांबलो, याचं उत्तर मी चाळीस वर्षं शोधतो आहे. दया आली म्हणावं तर तसंही नव्हतं, उलट राग येत होता. पण मी उतरलो, बाभळीचं एक सरळ खोड पाहून तोडलं, तासलं आणि नवा आस बसवायला घेतला. लाकूड ओलं होतं, तासायचा वाकस नीट चालेना. काम संपलं तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. तार आता वेळेवर जाणार नव्हती. मी नाल्याच्या पाण्यात हात धुतले आणि तिथेच खाली बसलो.

माळ्याने भाकर पुढे केली. मी ती हातातच धरून बसलो. त्याने विचारलं, "काहून दादा, एवढं काय झालं?" मी खरं ते सांगून टाकलं, बाळाचं, आठव्या दिवसाचं आणि शनिवारचं. आमची जात त्याला उमगेना. मुसलमान का, म्हणाला. मी म्हटलं, नाही, आमचं वेगळं आहे, आम्ही शनिवारी काम करत नाही, विस्तव पेटवत नाही. हे म्हणताना मला माझीच लाज वाटली. तेवढ्यात त्याची बायको भोपळे गाडीत टाकता टाकता थांबली.

"असा तं आमच्या पुलावर एक म्हातारा हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, "कोणता पूल?"

"काटेपूर्णेवर साहेबाचा पूल बांधून राहिले ना, तिथं मजुराले मलमपट्टी करते तो. मी भाजी घेऊन जातो तं शनवारी कदी घेत नाई. शुक्रवारीच दोन दिसाची घेते. मी एकदा म्हटलं, बाबा, शिळं काहून खाता, ताजी भेंडी हाय. तं म्हणे, बाई, शनवारी आमची चूल पेटत नाई. डोक्यावर फडकं घेऊन कायतरी म्हणत बसते दिवसभर. कोणी जखमी आला तं मातर उठते."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. कापसाच्या आणि रेल्वेच्या त्या गर्दीत, हजारो माणसांत, एका माणसाची खूण एका भाजीवालीला ठाऊक होती आणि ती खूण म्हणजे शुक्रवारी घेतलेली जास्तीची भाजी. मी धावत दमणीत चढलो. माळीण मागून म्हणाली, "सावकाश जा, तो कुठी पळून नाई चालला." आयुष्यात त्यानंतर मी पुष्कळ गोड शब्द ऐकले, पण त्याहून गोड एकही ऐकला नाही.

उन्हं उतरताना पुलावर पोचलो. दगड फोडण्याचा आवाज, चुन्याची धूळ, झोपड्यांच्या रांगा. एका छपराखाली एक सत्तरीचा म्हातारा मजुराचा अंगठा बांधत होता. पांढरी दाढी, गुडघ्यांवर तेलाचे डाग, कमरेला तपकिरीची डबी. मी जवळ गेलो, पण काय विचारावं सुचेना. मग लहानपणी आईने सगळ्यात आधी जे शिकवलं होतं त्या शमाचे, आमच्या रोजच्या प्रार्थनेचे, पहिले दोन शब्द मी म्हटले. म्हाताऱ्याचे हात थांबले. त्याने वर न बघता पुढचे शब्द म्हटले आणि डोळे झाकून शमा पूर्ण केला. मजूर बिचारा आपला अंगठा धरून आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होता. मग म्हातारा म्हणाला, "कुणाचा तू?" मी गाव सांगितलं, बापाचं नाव इसाजी सांगितलं. "इसाजी एलोजींचा?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली आणि तिथेच त्यांच्या पायाशी बसलो.

मी त्यांना तिथेच काका म्हणू लागलो. त्यांचे वडील आमच्या बाजूच्या चार-पाच गावांचे काजी होते. काका स्वतः पलटणीत मलमपट्टीवर होते, पेन्शन झाल्यावर रेल्वेने बोलावलं म्हणून इथे आले. बायको आणि एकुलता मुलगा पटकीत गेले होते. बापाकडून सुंतेचं काम ते शिकले होते, पलटणीत आमच्या लोकांच्या मुलांची सुंता त्यांच्याच हातून झाली. पण त्याला अकरा वर्षं झाली होती. त्यांनी हात पुढे करून दाखवला. "बघ, कापतो का?" मी म्हटलं, नाही. खरं तर थोडा कापत होता. ते हसले आणि म्हणाले, "पट्टी बांधताना कापत नाही. हत्यार हातात घेतलं की कापत नाही. एरवी कापतो. साहेबाची सुटी मिळाली तर येतो."

बुधवारचा सगळा दिवस सुटी मिळवण्यात गेला. साहेब दुसऱ्या तळावर होता, तो दिवस कलताना परतला. काकांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण साहेब हसत बाहेर आला, माझा हात दाबला आणि गुरुवारी पहाटे आम्ही निघालो. वीस-बावीस कोस, दोन दिवस. काकांच्या मांडीवर सुंतेच्या हत्यारांची एक लहान शिसवी पेटी होती, तिला त्यांनी क्षणभर खाली ठेवलं नाही. वाटेत ते मला सारखे विचारत होते, घरात खुर्ची आहे का, हन्नाबीसाठी ठेवायला. प्रत्येक सुंतेला हन्नाबी येऊन बसतात असं आमच्यात मानतात. बाळ दूध पितं का. रंग पिवळा तर नाही. शनिवारी मी काय करतो, हेही त्यांनी विचारलं. मी सांगितलं, खोटं बोललो नाही. ते तपकीर ओढून म्हणाले, "मी पाळतो, कारण माझ्यापाशी तेवढंच उरलंय. तुझ्यापाशी पुष्कळ आहे म्हणून तुला सुचत नसेल." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी बडनेऱ्यापाशी आलो आणि रस्ताच संपला. पुढे नजर पोचेल तिथवर कापसाच्या गाड्या, एकाला एक चिकटलेल्या. कुठेतरी पुढे जकातीवर अडल्या होत्या. सूर्य खाली येत होता. घर तीन कोसांवर, आणि काका म्हणाले, "मी चालत निघतो." दहा पावलांत त्यांचे गुडघे वाकले. मी त्यांना उचलून परत दमणीत बसवलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून हन्नाबीचं नाव आलं. मी मागितलं काहीच नाही. फक्त म्हटलं, माझ्या हातात होतं ते संपलं, आता तुझं तू बघ. आणि खरं सांगतो, त्या क्षणी आत काहीतरी सैल झालं, सहा महिने आवळून धरलेली मूठ उघडावी तसं.

आमचा गाडीवान, जो चार दिवस माझ्यावर चिडलेला होता, तो बैलांच्या जुवावर उभा राहिला आणि खच्चून ओरडला, "भाऊ हो, बाजूले व्हा. आठ दिसाच्या लेकराचं काम हाय. डागदर आत बसला हाय." पुढच्या गाडीवाल्याने वळून पाहिलं. काही न विचारता त्याने आपली भरलेली गाडी अर्धी शेतात उतरवली. मग त्याच्या पुढच्याने. "लेकराचं काम हाय, व्हा बाजूले," असा आवाज एका गाडीवरून दुसरीवर जात राहिला आणि आमच्यापुढे ती सगळी रांग एकेक करून बाजूला सरकत गेली. कोणाच्या गाडीवरचा कापूस खाली सांडला, कोणाचा बैल बसला, पण कोणी शिवी दिली नाही. ज्यांना एकेका तासाची किंमत होती अशी ती माणसं होती, आणि त्या तासातला वाटा त्यांनी आमचं नावही न विचारता आम्हाला दिला. काका दोन्ही हात जोडून दोन्ही बाजूंना बघत होते आणि मला हसू आणि रडू एकदम येत होतं.

घरी पोचलो तेव्हा आईने समईत तेल घातलं होतं, वात तिच्या बोटांत होती, ती लावायची थांबून दाराकडे बघत होती. काकांनी उंबऱ्यात पाऊल ठेवलं. आईने त्यांना पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि दिवा लावला.

शनिवारी सकाळी एका खुर्चीवर पांढरं वस्त्र घालून ती हन्नाबीसाठी ठेवली. दुसरीवर मी बाळाला मांडीवर घेऊन बसलो. काकांनी पेटी उघडली आणि त्यांचा हात दगडासारखा स्थिर झाला. बाळ रडलं, आणि आतून बायकोही रडली, आणि मग दोघंही गप्प झाली. माझ्या बापाचं नाव बाळाला मिळालं. त्यानंतर काकांनी डोळे मिटले आणि बाळाच्या पाठीमागची नावं म्हणायला लागले. इसाजी, त्याचा बाप एलोजी, त्याचा हसाजी. एवढी आम्हाला माहीत होती. ते थांबले नाहीत. त्याचा बापूजी, त्याचा शलोम, त्याचा रहमिम, त्याचा अब्राहाम, त्याचा दुसरा एलोजी, ज्याने गावात पहिली विहीर खोदली. वर्षश्राद्धासारखी हशकावा नावाची प्रार्थना आमच्यात म्हणतात, तेव्हा घरोघरच्या गेलेल्यांची नावं काजी म्हणतो. काका लहानपणी बापाचं बोट धरून प्रत्येक घरी जायचे आणि ती सगळी त्यांच्या कानात राहिली होती. माझा बाप मी लहान असताना गेला, त्याच्याबरोबर ही नावंही गेली असंच आम्ही धरून चाललो होतो.

मी धावत वही आणली. काकांनी माझा हात धरला. "आज लिहायचं नाही. तोंडी धरा."

मग तो शनिवार आम्ही सगळ्यांनी नावं पाठ करण्यात घालवला. असा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. आई म्हणायची, मी चुकायचो, काका दुरुस्त करायचे. पाच वर्षांची माझी मुलगी अंगणात उड्या मारत सगळी नावं गाण्यासारखी म्हणत होती आणि शेजारची माळ्यांची मुलंही तिच्याबरोबर म्हणायला लागली होती. रविवारी सकाळी लिहायला बसलो तर माझा रहमिम निसटला. पडद्यामागून बायकोचा आवाज आला, "शलोमचा बाप रहमिम." आठ दिवसांपूर्वी भिंतीकडे तोंड करून पडलेली ती बाई हसत होती. त्या दिवशी आईने पोहे, नारळ, गूळ, केळी, पेरू, खजूर घालून मलिदा केला, हन्नाबीचे आभार मानले आणि गल्लीत घरोघर वाटला.

सोमवारी मी शेठकडे जाऊन शनिवार जमणार नाही असं सांगितलं. त्यांनी मला काढून टाकलं आणि आठ दिवसांनी प्रेसचा मळसूत्री खांब चिरला तेव्हा परत बोलावलं. शनिवार मी तेव्हापासून सोडला नाही. पुढे अमेरिकेतली लढाई थांबली, भाव कोसळले, पितळी टोपणांचे बैल विकले गेले, आम्हीही ओढगस्तीत दिवस काढले. पण त्या ओढगस्तीत मी एकदाही इतका घाबरलो नाही, जितका त्या बहराच्या दिवसांत आतून घाबरलेला असायचो.

आई मरेपर्यंत म्हणत असे की आपल्याकडे हन्नाबी येऊन गेले. मी तिला म्हणायचो, आई, त्यांचे गुडघे दुखत होते, ते तपकीर ओढत होते. ती म्हणायची, "मग काय झालं?" मी यावर वाद घालत नाही. मला जे घडलं तेवढं ठाऊक आहे. माझा हिशेब जिथे मोडला तिथेच कोणीतरी माझ्यासाठी वाट ठेवली होती, आणि ती दिसायला मला आधी खाली बसावं लागलं.

ती सुंता झाल्यावर काका पुलाकडे परत निघाले तेव्हा मी काहीतरी घ्या म्हणून आग्रह केला. त्यांनी काहीच घेतलं नाही. दमणीत बसल्यावर म्हणाले, "तुमच्या वहीत खाली एक ओळ मोकळी ठेवता आली तर ठेवा. माझ्यामागे नाव घेणारं कोणी नाही." मी तेव्हाच परत घरात गेलो आणि एक ओळ सोडून खाली रेघ मारली. दोन वर्षांनी नागपूरकडच्या एका पुलाच्या तळावरून पत्र आलं की ते गेले. तोवर रेल्वेबरोबर आमची काही कुटुंबं अकोल्याला, बडनेऱ्याला आली होती. मी सगळ्यांना निरोप पाठवला. दहा पुरुष जमल्याशिवाय आमची सामुदायिक प्रार्थना होत नाही, आणि वऱ्हाडात माझ्या माहितीत दहा जण कधी जमले नव्हते. त्या दिवशी माझ्या घरात अकरा जमले. मी वही उघडली, मोकळ्या ओळीत मोशे दानियल असं नाव लिहिलं, आणि आम्ही सगळे त्यांच्यासाठी उभे राहिलो.